आतड्याकोथळ्यासकट

लोंब्या पिवळ्या पडू लागल्या तसा चोइपिंगचा घास कमी होत गेला. एरवी उलट असायचं. भात पिकलं की गडी तोंडातल्या तोंडात गाणी म्हणायचे, स्वयंपाकी सेकबाबा भातावर खाऱ्या मासळीचा तुकडा जरा मोठा ठेवायचा, आणि नवरा हुंगसाम बांधावर उभा राहून मोठ्यानं खाकरायचा; म्हणजे ओळखावं, मालक खुशीत आहे. यंदा मात्र तिला वाटे, हे पीक हिरवंच राहावं. कारण पीक निघालं, मळलं, पोती किनाऱ्याला लागली की आगबोट येणार होती, आणि त्या आगबोटीनं तुंगकाका देशी, चीनला, परत जाणार होता. एकटा नाही. तिच्या चुनला घेऊन.

चुन पाच वर्षांचा. चीन कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं हे वायनुईचं खोरं, खोऱ्यातली नदी, चिखलात लोळणारा रेडा आणि पाखरं.

त्या दिवशी पाखरांचीच राखण चालली होती. खाचरांवरून दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांना रिकामे डबे बांधलेले, आणि सगळ्या दोऱ्यांची टोकं माळ्यावर बसलेल्या मायलेकांच्या हातात. थवा उतरला की दोरी हिसडायची, डबे खडखडायचे, थवा उठून शेजारच्या खाचरात बसायचा. मग ती दोरी हिसडायची. सकाळपासून हेच. चोइपिंगच्या तळहातांना दोरीनं करकोचे पडले होते. पोटात दुसरं मूल, चौथा महिना, आणि माळ्यावर सावली म्हणून नाही.

"आई, ती म्हातारी पाखरं आहेत," चुन म्हणाला. "ती भीतच नाहीत."

"मग तू ओरड."

चुन ओरडला. आईच्या बोलीत नाही, नदीपलीकडच्या, बेटावरच्या मूळच्या माणसांच्या बोलीत ओरडला, आणि थवा खरंच उठला.

बांधावरून तुंगकाका आला. हुंगसामचा सख्खा चुलता. आयुष्यभर बेटांवर राबून कमरेत वाकलेला. आता हाडं देशीच्या मातीला लावायला निघालेला. माळ्याखाली उभा राहून त्यानं पोराला खाली बोलावलं, दोरीच्या तुकड्यानं त्याच्या खांद्याचं माप घेतलं, आणि दोरीला गाठ मारली.

"बोटीवर गारठा असतो," काका म्हणाला. "रुईभरला कोट शिवतो होनोलुलूत. आजीसमोर पोर कसं दिसलं पाहिजे? जमीनदारासारखं."

"लहान आहे अजून, काका," चोइपिंग वरूनच म्हणाली. "पुढच्या खेपेला..."

"पुढची खेप कुणी बघितली? तुझ्या सासूचे दिवस भरत आलेत. आणि सूनबाई, तुझं तोंड उतरायचं कारण काय? तू इथं नवऱ्याजवळ आहेस ती कुणाच्या मेहेरबानीनं?"

काकाचं खोटं नव्हतं. ती जी इथं आली होती, ती अदलाबदलीतच आली होती.

लग्न झालं तेव्हा हुंगसाम बेटांवरच होता. त्याच्या जागी कोंबडा धरून उभा केला होता. तांबडी फीत बांधलेला तो कोंबडा देवापुढं वाकायच्या वेळी चोइपिंगच्या बाहीवर शिटला, आणि सगळं गाव हसलं. पुढची तीन वर्षं तिनं सासूची पाठ चेपली, सासूची डुकरं राखली, सासूची बोलणी खाल्ली. सासूचा हिशेब सरळ होता. लेक समुद्रापार गेला म्हणून सून आणायची, ती सासूच्या हातापायांसाठी. ती सुद्धा बेटांवर पाठवली, तर म्हातारीनं कुणाच्या आधारानं मरायचं? पण हुंगसामचे निरोपावर निरोप. शेती वाढली, घरात बाई पाहिजे. चोइपिंगचे पाय, मोठ्या घरच्या मुलींचे बांधून लहान करतात तसे, बांधलेले नव्हते. चिखलात उतरणारी बायको त्याला हवी होती. शेवटी म्हातारीनं बोली केली: सून जाऊ दे, पण पहिला नातू माझा. चालता-बोलता झाला की माझ्या घरी पोचला पाहिजे. देवापुढं उभं राहून चोइपिंगनं मान हलवली होती. तेव्हा तिला काय ठाऊक, पोर म्हणजे काय असतं! त्या घरातून सुटायचं एवढंच तिला दिसत होतं. सासूनं आपली गाय सोडली होती ती वासरावर डोळा ठेवून.

कापणी लागली. चार गडी, हुंगसाम आणि चोइपिंग, सहा विळे ओळीनं चालत. खाचरातलं पाणी आधीच सोडून दिलेलं, तरी खाली चिखल मऊ होता आणि पाय काढताना चपक चपक आवाज येई. भाताचं कुसळ गळ्याला, काखेत शिरे आणि घामानं चरचरे. वाकल्यावर पोट मधे येई, म्हणून ती एक गुडघा चिखलात टेकून कापी. गडी बघत आणि नजर वळवत. मालकीण गुडघ्यावर कापते ही काही मिरवायची गोष्ट नव्हती.

दुपारी भारे बांधताना तिनं नवऱ्याला गाठलं.

"अहो, एक बोलायचं होतं."

"बोल."

"चुनला ह्या साली नका पाठवू."

हुंगसामनं भाऱ्यावर गुडघा देऊन पेंढ्याचा वेठ पिळला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, जुगार खेळत नव्हता, अफूच्या नळीला तोंड लावत नव्हता. फक्त त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली की ती खुंटीसारखी बसे.

"शब्द दिलाय," तो म्हणाला.

"शब्द तुम्ही दिलात, मी दिला. त्यानं कुठं दिला?"

"पोरं शब्द देत नसतात. त्यांचा शब्द आपण देतो." त्यानं भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "आणि तिथं शाळा आहे, गुरुजी आहेत. इथं काय शिकेल? पाखरं हाकायला? परवा मला त्या लोकांच्या बोलीत पाणी मागत होता. माझा मुलगा, आणि बापाशी परक्या बोलीत बोलतो."

"तिथं त्याला कुशीत कोण घेईल?"

"आई घेईल की माझी."

चोइपिंगला सासूची कूस आठवली. चोळायच्या तेलाच्या आणि मुताच्या वासाची, आणि चिमटे काढणारी. ती वळली. भारा घेऊन खळ्याकडे चालू लागली. मानेतून कळ गेली, तरी चालत राहिली. रडायचं होतं, पण डोक्यावर भारा असताना रडता येत नाही, तोल जातो.

खळ्यावर मधोमध तिवड्याचा खांब उभा केला होता आणि रेड्यानं फेरे धरले होते. सेकबाबा पेंढ्याच्या ढिगाला टेकून तंबाखू ओढत बसला होता. त्यानं तिचं तोंड बघितलं.

"मागितलंस वाटतं," तो म्हणाला. "नाही म्हणाला वाटतं."

"तुम्हाला कसं कळतं सगळं?"

"चूल सांभाळणाऱ्याला कळतं, पोरी. कुणी किती भात खाल्ला त्यावरून कळतं. तू काल दोन घास खाल्लेस. बरं, तुला सांगू? तो कोंबडाच बरा होता. निदान त्याला आई नव्हती."

तिला हसू आलं नाही. पण सेकबाबाशी बोलता बोलता तिला दुसरंच आठवलं. माहेरच्या गावात शेजारचं एक पोर सारखं आजारी पडे. मग आईबापांनी त्याला खाटकिणीच्या ओटीत घातलं. म्हणजे नुसतं नावाला, भुताखेतांनी समजावं की हे पोर दुसऱ्याचं. पोरानं मानलेल्या आईला चहा दिला, तिनं त्याला भाताचा वाडगा आणि काड्या दिल्या, झालं. पोर राहिलं आपल्याच घरी. पण पुढं त्याच्या बापाला गाव सोडून जायचं होतं तेव्हा खाटकीण आडवी आली: माझ्या मानलेल्या मुलाला मला विचारल्याशिवाय नेता येणार नाही. आणि बापाला थांबावं लागलं होतं. मानलेली आई म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नाही. ती नको म्हणाली तर पोर हलत नाही.

इथं अशी बाई कोण होती? एकच होती. नदीपलीकडची कापेका.

कापेका म्हणजे हुंगसामच्या पायाखालची जमीन. खोऱ्यातली ही सगळी खाचरं तिच्या बापजाद्यांची. आधी तिथं अळू लावत. नवरा आणि दोन्ही मुलं देवीच्या साथीत गेली. मग एवढं अळू खाणार कोण, म्हणून तिनं जमीन हुंगसामला कसायला दिली, नुसत्या तोंडच्या शब्दावर. वरच्या अंगाला पाटाचं दार होतं, ते तिच्या माणसांच्या हातात. ह्या बेटांच्या राणीला गादीवरून काढलं त्या साली एक गोरा साखरवाला जमीन मागायला आला होता. कापेकानं त्याला ओसरीवरही बसू दिलं नाही. कापेका नको म्हणाली तर हुंगसामच्यानं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी चोइपिंगनं टोपलीत अंडी आणि चहाची पुडी घातली, चुनला कडेवर घेतलं आणि नदीत उतरली. पाणी कमरेला लागलं. नवऱ्याला सांगितलं होतं, अंडी द्यायला जाते.

कापेका ओसरीवर बसून अळूचे शिजवलेले कंद दगडी बत्त्यानं कुटत होती. थोराड बाई, केस पांढरे, हसली की सगळं अंग हसे. चुन तिला बघताच आईच्या कडेवरून घसरला आणि थेट तिच्या परातीत बोट घालून चाटू लागला. गड्यांच्या खांद्यावर बसून तो इथं येत असे, हे चोइपिंगला माहीत होतं. इतका सरावलेला आहे हे माहीत नव्हतं.

मोडक्यातोडक्या बोलीत तिनं सगळं सांगितलं. बोट, काका, सासू. कापेका बत्ता थांबवून ऐकत राहिली.

"आईपासून तोडून? समुद्रापार?" ती म्हणाली. "तुझा नवरा वेडा आहे का?"

"तू त्याची आई हो," चोइपिंग म्हणाली. "आमच्यात असं देतात. तू आई झालीस की त्यांना नेता येणार नाही."

कापेकानं चुनच्या ओठाला लागलेलं अळू बोटानं पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चोइपिंगला वाटलं, दयेचं.

"तू मनापासून देतेस? मागून रडशील."

"मनापासून देते."

"मग आमच्या पद्धतीनं म्हण. म्हण, हे पोर तुझं, आतड्याकोथळ्यासकट."

बोलायची एकेकाची तऱ्हा असते. चोइपिंगच्या गावीही अशा वेळी कायकाय म्हणत. तिनं कापेकाच्या बोलीत, शिकवलं तसं, एकेक शब्द म्हटला. मग चुनला गुडघ्यावर बसवून त्याच्या हातून कापेकाला चहा देवविला. कापेकानं चहा प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि पोराला उराशी इतकं घट्ट धरलं की ते गुदमरून हसायला लागलं. चोइपिंग वाडग्याची आणि काड्यांची वाट बघत होती. तिनं मानलं, इथं ती रीत नसेल.

"कापणी आटपू दे," कापेका म्हणाली. "बोट यायच्या आधी मी येते."

परत येताना चोइपिंगला नदीचं पाणी हलकं वाटलं. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी तिनं वाडगाभर भात खाल्ला, आणि सेकबाबानं भुवया वर केल्या.

मळणी झाली, उफणणी झाली. वारा चांगला होता, फोल खळ्याच्या कडेला जाऊन पडत होतं. पोती शिवून झाली. तुंगकाकानं आपली पेटी बांधली, चुनचं गाठोडं बांधलं, आणि हुंगसामनं देशीच्या आईसाठी सुकवलेल्या माशांची एक टोपली भरली. चोइपिंग सगळं बघत होती आणि मान खाली घालून पोती शिवत होती. काका तिला दोनदा म्हणाला, "शहाणी झालीस, सूनबाई. रडारड केली नाहीस."

सकाळी पोती बैलगाड्यांवर चढत होती, तेव्हा कापेका आली. चांगले कपडे घालून, गळ्यात फुलांची माळ, मागं तिचे दोन पुतणे. एकाच्या खांद्यावर डुकराचं पिल्लू, दुसऱ्याच्या हातात अळूची टोपली. हुंगसाम लगबगीनं पुढं झाला, खळ्यावरची बसायची फळी पुसली. ती बसली नाही.

"मुलगा न्यायला आले," ती म्हणाली.

"कुठला मुलगा?"

"माझा. तुझ्या बायकोनं मला दिला. त्याला बोटीवर चढवायचं नाही."

खळ्यावर सगळे हात थांबले. हुंगसामनं बायकोकडे बघितलं. चोइपिंग पुढं झाली.

"कापेका चुनची मानलेली आई आहे. मी चहा देवविलाय. तिला विचारल्याशिवाय पोर हलवता येत नाही. आपल्यातलीच रीत आहे."

तुंगकाका चवताळला. "देवापुढं दिलेला शब्द, आणि ही बया परस्पर..."

"काका, गप्प बसा," हुंगसाम म्हणाला. त्याचा चेहरा मातकट झाला होता. त्यानं खाचरांकडे बघितलं, वरच्या पाटाच्या दाराकडे बघितलं. पुढच्या लावणीच्या रोपांचं आवण टाकून झालं होतं, आणि पाणी अजून यायचं होतं. मग तो कापेकाकडे वळला आणि कमरेत वाकला. "तुम्ही म्हणाल तसं."

जिंकले. चोइपिंगच्या मनात एवढा एकच शब्द आला.

मग कापेकानं हात पसरले, चुन धावत गेला, तिनं त्याला उचलून पुतण्याच्या खांद्यावर दिलं. डुकराचं पिल्लू खळ्यावर सोडलं, टोपली ठेवली. आणि ती निघाली.

"संध्याकाळी आणून सोडाल ना?" चोइपिंग म्हणाली.

कापेका थांबली. तिला प्रश्नच कळला नाही. "कुठं आणून सोडू? तो घरीच तर चाललाय." मग तिनं जवळ येऊन चोइपिंगच्या दोन्ही गालांना हात लावले. तिच्या हातात काडीचं कपट नव्हतं. "तू ये ना. कधीही ये. त्याला सांगेन, ही तुला जन्म देणारी. आमच्यात लपवत नाहीत. पण झोपेल माझ्याजवळ, जेवेल माझ्याजवळ. तू दिलास ना? आतड्याकोथळ्यासकट."

"मी नावाला दिला," चोइपिंग म्हणाली. आपल्याच बोलीत म्हणाली. तिला दुसरी बोली सुचेना. "नुसता नावाला."

ती धावली. नदीच्या काठापर्यंत गेली. चुन खांद्यावरून मागं वळून हात हलवत होता. त्याला वाटलं, नेहमीसारखं पलीकडं खेळायला चाललोय. ती पाण्यात उतरणार तोच सेकबाबानं मागून तिचा दंड धरला.

"सोडा मला."

"काय केलंस, पोरी," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "मला विचारायचंस तरी. चाळीस वर्षं झाली मला इथं. ह्यांच्यात दिलेलं पोर परत मागणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मागायला गेलीस तर बाई पोर देईल आणि जमीन काढून घेईल. मग तुझा नवरा पोराला त्याच बोटीवर चढवील."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. चोइपिंग काठावर चिखलात बसली. पलीकडून चुनचं हसणं ऐकू येत होतं, आणि ते ऐकवत नव्हतं.

तुंगकाका एकटा गेला. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुईच्या कोटाचं माप घेतलेली दोरी त्यानं खळ्यावरच टाकली होती, ती रेड्याच्या पायाखाली गेली.

हुंगसामनं तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, एवढंच. तिसऱ्या दिवशी दोघं खळ्यावर पेंढ्याची उडवी रचत होती. तो वर उभा होता, ती खालून पेंढ्या फेकत होती.

"आईला निरोप पाठवलाय," तो वरून म्हणाला.

तिनं पेंढी फेकली.

"थोरला देता आला नाही, म्हणून कळवलं. पोटातला देईन म्हणून कळवलं. अंगावरचं दूध सुटलं की मी स्वतः घेऊन जाईन. दुसऱ्या कुणावर विसंबायचं नाही आता."

पेंढी तिच्या हातातच राहिली. पोटातलं पोर त्याच वेळी पहिल्यांदा हललं, की तिला तसं वाटलं, कोण जाणे.

"आण की," तो म्हणाला. "थांबलीस का?"

तिनं पेंढी वर दिली. मग दुसरी. उडवी पुरी होईपर्यंत ती देत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधाच्या टोकाला गेली. तिथं भूमीचा देव होता, शेंदरी कागद चिकटवलेला एक धोंडा. गडी लावणीआधी तिथं उदबत्ती लावत. सेकबाबा देवापुढची पानं झाडत होता. पोटुशी बाई देवापुढं आली म्हणजे काय मागणार, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं; तो सवयीनं म्हणाला,

"मुलगाच देईल. काळजी करू नकोस."

चोइपिंगनं उदबत्ती पेटवली, तीन वेळा वाकली.

"मुलगी मागितली," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचा हात थांबला. सत्तर वर्षांत त्यानं कुठल्या बाईच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. त्यानं आजूबाजूला बघितलं.

"असलं काही मोठ्यानं बोलू नये, पोरी. देवानं ऐकलं म्हणजे?"

"ऐकावं म्हणूनच बोलले. मुलगी सासूला नको, ह्यांना नको. मुलीसाठी कुणी बोट पाठवत नाही. ती माझ्याजवळ राहील."

सेकबाबानं पुन्हा पानं झाडायला घेतली. नदीपलीकडून पाखरं हाकल्याचा आवाज आला, लहान पोराचा, कापेकाच्या बोलीतला. चोइपिंगनं तिकडं बघितलं नाही. उदबत्ती मातीत नीट रोवली, वाऱ्यानं पडू नये म्हणून दोन खडे लावले.

"निदान," ती म्हणाली, "तिच्यासाठी कुणी कोंबडा उभा करीपर्यंत तरी."